तिरफळसाहेब

आजोबांच्या तपकिरीच्या डबीत एक चित्र असे,
सिगारेटच्या पाकिटातून निघालेलं, दोन बोटांएवढं:
मिशा, मधोमध भांग, पट्ट्यापट्ट्यांचा सदरा,
छपाईत डोळ्यांचा रंग जरा सरकलेला,
म्हणून तो एकाच वेळी दोन दिशांना बघतो.

मागे बारीक अक्षरांत चार ओळी.
इंग्रजी यायला लागल्यावर मी त्या लावल्या:
ई. थर्लवॉल. डावीकडचा आतला फॉरवर्ड.
चार हंगाम, सत्तावीस गोल.
वेगापेक्षा हुलकावणीसाठी प्रसिद्ध.
खाली तंबाखूची तारीफ.

पुढचं छापलेलं नाही.
तीनशे पौंडांना दुसऱ्या क्लबाने घेतला, आणि तिथे
तिसऱ्याच शनिवारी, चिखलात, गुडघ्यातलं काहीतरी
ओल्या काटकीसारखं न मोडता पिळलं गेलं.
आठवड्याचे चार पौंड थांबले. मग लढाई.
मग कुणाच्या तरी चिठ्ठीवर मीठखातं,
वेंगुर्ल्याचा धक्का, रात्रभर बैलगाडी,
आणि पहाटे शिरोड्याचं मिठागर,
ज्याला तो म्हणे पहिल्यांदा बर्फ समजला.

थर्लवॉल कुणाच्या जिभेवर बसेना.
बांगड्याच्या तिकल्यात पडतं ते नाव मिळालं त्याला.
शोभलंही. उन्हाने तडकलेला, खरखरीत,
आतली बी कुठेतरी गळून गेलेली.

दिवाळी सरली की बाया वाफ्यांची माती चोपून चोपून
तिची पाटी करत. खाडीचं पाणी आत घ्यायला
आठवडाभर अवकाश. तेवढ्यात तो बॉल काढी,
वादीने शिवलेला, खोबरेल चोळलेला,
आणि मुकादमाचा जीव टांगणीला लावून
रेडकरांचा धाकू, फर्नांडिसांचा पेद्रू, अजून आठ-दहा जण
अनवाणी नाचवी त्या पाटीवर.
स्वतः बांधावर उभा, एक पाय सरळ धरून.
त्याची मालवणी एवढीच: "खांदो खोटो, पाय खरो."
खांदा डावीकडे टाकायचा, जायचं उजवीकडे.
धाकूला पहिल्याच दिवशी जमलं. पेद्रूला कधीच नाही,
त्याचा खांदासुद्धा खरं बोलायचा.

धाकूने एकदा विचारलं, समोरचा खांद्याकडे न बघता
कमरेकडेच बघत राहिला तर?
साहेब बराच वेळ हसला. "तर गोल नाय."

तीस सालचा मे. त्याच बांधांवर पोलीस.
माणसं धोतराच्या सोग्यात मीठ भरून पळत होती,
आणि ज्याने उभी उमेद माणसांना ओलांडण्यात घालवली
त्याला सरकारने आडवं उभं केलं होतं,
हातात काठी, डोक्यावर टोप, गुडघा तोच.

धाकू त्याच्याच अंगावर आला. सतरा वर्षांचा,
सोग्यात शेर-दीड शेर, पायाखाली फुटकं मीठ.
खांदा डावीकडे टाकला.
साहेब डावीकडे गेला, पुरता, तोल जाऊन, बांधाखाली.

पेद्रू मागून येत होता.
त्याच्यासमोर साहेब नव्हता, बाहेरचा कुणी शिपाई होता,
ज्याने आयुष्यात बॉल बघितला नव्हता.
पेद्रूचा हात कोपराखाली दोन जागी मोडला
आणि वाकडा जुळला. पुढे तो त्याच हाताने
पस्तीस वर्षं चर्चची घंटा ओढायचा, जराशी उशिरा.

रात्री साहेबाने नोंद केली: एक इसम निसटला, नाव माहीत नाही.
सहा महिन्यांत बदली. कुठे, कळलं नाही.
चित्र त्याने धाकूला कधी दिलं,
त्या दिवसाआधी की नंतर,
तेही आजोबांनी कधी सांगितलं नाही.
गुडघ्याने दगा दिला, गाव म्हणायचं. घसरला असेल, मीही म्हणालो.

आजोबा डबी उघडत, चिमूट घेत,
चित्रावर सांडलेली तपकीर फुंकून काढत.
"त्येचे डोळे," ते म्हणत, "माझ्या कंबरेर होते."
आणि शिंकत.