काळा मणी

मकरपुऱ्यात आमची एक खोली आहे
जिच्यात आकाश येत नाही.
भिंतीभर निळे सुळके, टोकं आतल्या बाजूला.
दार लावलं की मोबाइल मुका,
शहर जणू अजून बांधलंच नाही.

मधल्या फिरत्या पाटावर
कनुभाई पंचालांचा दिवा.
नऊ वॅट, पांढराशुभ्र, दिसायला गरीब.
पाट हळूहळू फिरतो, मुलगी दाखवावी तसा,
आणि अँटेना वरखाली होऊन बघते
कुठल्या अंगाने हा किती बडबडतो.

पडद्यावर सरकारने आखलेली तांबडी रेघ.
खाली राहिलात तर शिक्का.
एक्केचाळीस मेगाहर्ट्झला दिव्याने
रेघेवरून डोकं काढलं,
शाळेच्या कंपाउंडवरून पोरं काढतात तसं.

"बेन, बे डेसिबलमां शुं?"
कनुभाईंनी हात जोडले नाहीत, चहा मागवला.
सहाशे नग खोक्यात भरून पडलेत, म्हणाले,
उजेड तर चांगला देतो ना?

देतो. पण जे दिसत नाही तेही देतो.
हे मी रोज सांगते, आणि रोज
कीर्तनाला उभी राहिल्यासारखं वाटतं.

मग खणातून फेराइटचा मणी काढला,
काळा, जड, मधे भोक.
वायरीत ओवला.
आई मनगटात बांधायची तसलाच,
जगाची दृष्ट लागू नये म्हणून.
हा उलटा.
बाळाची जगाला लागू नये.

पुन्हा पाट. पुन्हा अँटेना.
शिखर बसलं, रेघेच्या चांगलं खाली.
मणी केवढ्याला पडतो, कनुभाईंनी विचारलं,
आणि जिना उतरेपर्यंत सहाशेने गुणत राहिले.

रात्री दांडिया बाजारात, घरी,
स्वयंपाकघरातला दिवा लावला.
मंगळबाजारातून आणलेला. शिक्का नाही, बिलही नाही.
भिंतीपलीकडे खानविलकर काकांचा रेडिओ
तापल्या तेलात पाणी पडावं तसा
चरचरत होता, नेहमीसारखा.
सहा वर्षं मी म्हणत आले,
सेटच जुना आहे त्यांचा.
त्यांनीही कधी काही म्हटलं नाही.

बटण बंद केलं.
चालू.
बंद.

मग अंधारातच भात वाढून घेतला
आणि शब्द न् शब्द ऐकू आला:
एरंड्याचे भाव, कपाशीचे भाव,
दाहोदकडे ढगाळ.

पलीकडे काकांनी
आवाज थोडा कमी केला.