तिसऱ्या दालनातली खुर्ची

दिवसातून दोनदा, अकराला आणि तीनला,
डॉक्टर क्साव्हेरी माणसं घेऊन येतात
आणि मी खुर्चीतून उठते. नियम आहे तसा.
वीसेक जण. ओल्या कोटांचा वास.
बुटांखालून बर्फाचं पाणी सुटतं
लाकडी फळ्यांवर. माझं लक्ष तिकडे,
बाकीच्यांचं भिंतीकडे.

"घाई नको," ते म्हणतात,
"आधी नुसतं बघा. अर्थ मागाहून येईल,
ट्रामसारखा, उशिरा, पण येईल."
इथे हशा. रोज इथेच.
वूच शहरात ट्रामवरचा विनोद वाया जात नाही.

मग ते पांढरं चित्र.
पांढऱ्यावर पांढरं, आणि कडेला एक करडी रेघ,
निघाली कशाला तेच विसरल्यासारखी.
हात पाठीशी बांधून डॉक्टर बोलतात,
पोकळी म्हणतात, लय म्हणतात,
नकार हीसुद्धा रचनाच, म्हणतात.
वह्या उघडतात. माना डोलतात.
माझीही डोलते. अकरा वर्षांत सगळं पाठ झालंय,
ते श्वास कुठे घेतात, चष्मा कुठे पुसतात,
आणि युद्धाचा विषय निघाला की
आवाज कसा एक पायरी खाली उतरतो.

खोटं नाही बोलत हं ते. विद्वान माणूस.
त्यांच्यामुळेच कळलं मला, की ती रेघ
आधी चित्राच्या ऐन मध्यावर होती,
क्ष-किरणांत अजून दिसते रंगाखाली,
चित्रकाराने खरवडून खरवडून ती कडेला नेली.
तेव्हापासून मला तो माणूस आवडतो.
मीही कपाट तीनदा हलवलं होतं घरातलं,
नवरा गेल्यावर.

ही भिंत म्हणजे चोवीस नंबरचा माग.
माझा.
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
गोंगाट एवढा की आम्ही बायका
ओठ बघून बोलायचो.
अजून मी माणसाचे ओठ आधी बघते, डोळे नंतर.

गेल्या गुरुवारी शाळेची मुलं आली.
त्यात एक तिमेक, नाक गळणारा,
हात वर न करताच विचारता झाला:
"त्याच्या मागे काय आहे?"

"मागे?" डॉक्टर म्हणाले,
"मागे कॅनव्हास, लाकडी चौकट, आणि मग..."
आणि थांबले.
जिथे कधीच थांबत नाहीत तिथे.
ओठ हलले, आवाज नाही. मला वाचता आले असते,
पण वाचण्यासारखं काही नव्हतं त्यांवर.

पहारेकऱ्याने बोलू नये, हाही नियमच.
"मागे खडूचे आकडे आहेत," मी म्हटलं.
"कुणी किती मीटर विणलं त्याचे.
रंगारी पुसायला निघाले होते. मी म्हटलं,
चित्राखाली झाकायचंच आहे, तर पुसता कशाला?
बहात्तरच्या पुढे फुली आहे.
त्या दिवशी सूत फार तुटत होतं."

तिमेकने गाल भिंतीला लावला,
एक डोळा मिटून फटीतून बघू लागला,
तोच घंटा वाजली धोक्याची, मुलं खिदळली,
बाई ओरडल्या, आणि त्या गोंधळात
डॉक्टर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले,
"बहात्तर म्हणजे बरं की वाईट?"

"वाईट," मी म्हटलं. "नव्वद लागायचे."
त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अकराला सगळं पूर्वीसारखंच.
ट्राम. हशा. पोकळी, लय, नकार.
बहात्तरचं नावही नाही.
फक्त चष्मा त्यांनी जरा जास्त वेळ पुसला,
आणि पुसताना भिंतीकडे नाही,
माझ्या हातांकडे बघत होते.

एक अजून सांगितलेलं नाही मी त्यांना.
फेब्रुवारीत पावणेचारला, दौरा पुढे गेला की,
वरच्या खिडकीतून उन्हाची पट्टी येते,
सात मिनिटं, फार तर आठ.
पांढरं मग पांढरं राहत नाही.
ब्रशाचे फराटे उठून येतात,
ओल्या केसांतून नुकता कंगवा फिरवावा तसे,
आणि खाली डावीकडे, बोटाच्या पेराएवढ्या जागेत,
रंगात रुतलेली एक माशी दिसते.
पंखासकट.

सांगेन कधीतरी.
तोवर मी खुर्ची थोडी डावीकडे सरकवते,
एवढीच, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकी.