अक्षराला पाच पैसे

लॅमिंग्टन रोडला, तिसऱ्या मजल्यावर
शफीकभाईंनी सीडी ट्यूबलाइटसमोर धरली.
टाचणीएवढ्या भोकांतून
पलीकडचा उजेड.
"बुरशी. शिवडीला राहता ना? खाडीची हवा."

हार्ड डिस्क कानाशी नेली,
टक्. टक्. मग तेही नाही.
"नऊ वर्षं म्हणता? म्हणजे जगली की."

तिच्यात होते
आत्याचे रिपोर्ट, ऑपरेशनआधीचे, नंतरचे;
आतोबांचा आवाज, महिन्याचा हिशेब सांगताना:
दुधाचे दिले, पेपरवाल्याचे राहिले, आणि हे रेकॉर्ड कशाला करतोस;
आणि एक फोल्डर, नाव 'नंतर बघू'.

"आता दोन घ्या," ते म्हणाले,
"एक गावाला ठेवा.
दर पाच वर्षांनी सगळं नव्यात ओतायचं,
बरणी बदलतो तसं."
पावती दिली. तिची शाई
भायखळ्यापर्यंतच फिकी पडू लागली.

घरी चहा टाकला, नेहमीच्या पातेल्यात.
काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी:
सौ. इंदुमती द. कोचरेकर
यांजकडून, १२-५-७४.
'कोचरेकर'मधला 'च' आधी राहिला होता,
मग वर चिमटीत धरून बसवला.
अक्षराला पाच पैसे पडायचे भुलेश्वरला,
म्हणून आतोबांचा नुसता 'द.'

पन्नास वर्षं घासतोय आम्ही ते,
आधी राखेनं, मग काथ्यानं, आता हिरव्या चौकोनानं.
'द' अजून बोटाला लागतो.

बाकीचा दत्ताराम
माझ्याकडे आहे,
आणि मला आता
अठ्ठावन्नावं लागलंय.