मुदत

फ्रिजच्या तळच्या खणात, मुळ्याच्या किमचीमागे,
आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात
हेरानला ते सापडलं.
देन्जांग. सोयाबीनचा आंबवलेला लगदा,
गोएसानच्या गावाकडचा, हातचा.
झाकणावरची चिकटपट्टी पिवळी पडलेली,
तिच्यावर गिलजाचं तिरकं अक्षर:
"खारट आहे. बेताने घाल."
तारीख नाही.

दुकानातल्या डब्यावर तारीख असते.
कोर्टानेही दिली होती एक,
महिन्याभराची, फेरविचारासाठी.
दोघांनी तो महिना इमानाने पाळला,
एकमेकांशी अवाक्षर न बोलता,
मग सह्या केल्या.
त्याला झाली पाच वर्षं.
डब्याला सात.

वरचा थर काळपट,
चहाच्या चोथ्यासारखा.
कडेला पांढरं काहीतरी. साय म्हणावी
की बुरशी?
तिने डबा नाकाशी नेला
आणि सासरची ती मागची खोली
अकराव्या मजल्यावर येऊन उभी राहिली:
छताला पेंढ्याने बांधून टांगलेल्या
सोयाबीनच्या विटा,
खाली ऊबदार जमीन, खाली तिचं अंथरूण,
कारण ऊब फक्त त्याच खोलीत,
विटांना लागायची म्हणून.
सकाळी केसांना वास.
नवरा गाडीची काच खाली करायचा,
कडाक्याच्या थंडीत,
काही न बोलता.

नासणं वेगळं, मुरणं वेगळं,
पण दोन्ही सुरू होतात सारखीच,
आणि मधल्या दिवसांत
बाहेरून ओळखू येत नाही.

तिने फोन लावला.
"ओमोनिम" म्हणायची सवय
जिभेच्या टोकापर्यंत आली नि परतली.
"मी हेरान."
पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.
"डब्याचं विचारायचं होतं.
फ्रिजमध्ये किती दिवस टिकतं?"

"ओला चमचा घातलास?"
"नाही."
"मग कशाला विचारतेस?
काळं पडलं तर पडू दे.
पांढरं खरवडून टाक, चमच्याने दाबून बसव,
हवा राहू देऊ नकोस मध्ये,
वर मीठ भुरभुरव.
कडवट लागलं तर नवं मिसळ थोडं."
मग, जरा थांबून, "चाखलंस?"
"नाही अजून."
"आधी चाखायचं, मग फोन करायचा.
तुला नेहमी उलटं."

हेरानला हसू आलं.
याच वाक्यावर ती एकदा
न्हाणीघरात कडी लावून रडली होती.

गिलजाच्या मुलाचं नाव
दोघींपैकी कुणी काढलं नाही.

"किती उरलंय?"
"अर्धा डबा."
"मी आता घालत नाही. गुडघे.
रांजण शेजारचे घेऊन गेले,
एकात त्यांनी कमळ लावलंय,
बेडूक येतो म्हणे.
घरात दुकानातलं येतं आता. गोड मेलं.
सूप करते नि सांडून टाकते."
फोनमध्ये नुसता श्वास.
"थोडं पाठवशील?"

हेरानने खरवडलं, चाखलं.
आधी मीठ, मग बराच वेळ काही नाही,
मग घशाशी कुठेतरी
भाजलेल्या दाण्यासारखं.
दोन वाटे केले. वजनकाट्यावर ठेवले.
मोठ्यातलं चमचाभर काढलं,
पुन्हा त्यातच घातलं.
प्लास्टिकचे तीन वेढे, वर वर्तमानपत्र,
वर बर्फाची पिशवी.
मग बर्फाची पिशवी काढून ठेवली,
सात वर्षांनी आता कसली घाई.

छोंगजूच्या टपाल कचेरीत
खिडकीमागचा पोरगेला कारकून
न बघता विचारत होता, सगळ्यांना तेच:
"आत काय? नाशवंत आहे?"

मागे रांग. कुणाचं तरी बाळ खोकत होतं.
हेरानला उत्तर द्यायला
वेळ लागला, इतका
की त्याने मान वर केली.

"नाही," ती म्हणाली.
"पण आडवं ठेवू नका."