तिरका रिव्हेट

सलालात, नारळीच्या बागांमागच्या शेडमध्ये
जुनं हंटर उभं आहे. पंख उतरवलेत, पोट उघडं,
सोललेल्या कोंबडीसारखं.
घरी जाताना मी त्यावर ताडपत्री टाकतो.

चारशे नंबरचा सँडपेपर, ओला.
वाळूचा रंग जातो, खाली करडा,
करड्याखाली हिरवा, हिरव्याखाली
भलत्याच देशाची गोल निशाणी.
विमानाला काय, ज्याचा रंग त्याचं.
ओझर सोडून मलाही दोन तपं झाली,
इथे सगळे नुसतं ‘मिस्त्री’ म्हणतात.

डाव्या पंखावर गोळीच्या भोकाला ठिगळ आहे.
चौदा रिव्हेट, घाईत ठोकलेले,
एक तिरका.

मुसल्लमसाहेब म्हणाले, तो काढ, नीट बसव,
लोक तिकीट काढून बघणार.

ड्रिल लावलं. बंद केलं.
कुणीतरी टॉर्च दातात धरून, उजाडायच्या आत
हे वर पाठवलं असणार, आणि हे तर
समोर उभं आहे.

मीही एक पाठवलं होतं, पठाणकोटहून.
माझे सगळे रिव्हेट सरळ होते.

वहीत लिहिलं:
डावा पंख, ठिगळ तपासलं. ठीक.
साहेबांनी खाली सही केली,
काही विचारलं नाही.