खाते क्रमांक ३९१

कामेरीच्या दूध संकलन केंद्रावर पहाटे साडेपाचला
इरफान मुल्लाने पावती माझ्यापुढे धरली:
खोत केराबाई. गाय. फॅट सात पूर्णांक दोन.
"असली गाय आख्ख्या वाळवा तालुक्यात न्हाई, सर."

मागे रांगेत कुणीतरी हसलं.

चूक माझी होती.
नवं खातं उघडताना मी नुसती जागा घेतली,
झाडून घेतली नाही.
मेमरीत रिकामं असं काही नसतं,
आधी बसून गेलेल्याचं काहीबाही राहतंच
आणि पुढचा त्यालाच आपलं समजून बसतो.
म्हशीचं दूध, गायीचा दर. तीन आठवडे.

पेंडीच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून
मी कन्स्ट्रक्टर लिहिला.
सहा ओळींचा.
खातं जन्माला येतं त्याच क्षणी तो चालतो,
दुधाचा पहिला थेंब पडायच्या आधी, एकदाच:
लिटर शून्य, शिल्लक शून्य,
जनावर कुठलं, ते सांगितल्याशिवाय खातंच उघडणार नाही.
मागून काही परत देत नाही तो,
आणि त्या खात्यापुरता पुन्हा कधी येत नाही.

केराबाई कासंडी घेऊन कडेला उभ्या होत्या.
"समदं शून्य केलंसा?"
हो. आधीच्याचं काही चिकटायला नको.
"आधीचं कुणाचं हुतं?"

मी लॉग उघडला.
खाते दोनशे चौदा, बंद.
त्याच मिनिटाला तीनशे एक्क्याण्णव, सुरू.
त्याच जागेवर.
खोत ज्ञानू बाळा. गाय.

"तांबडी," त्या म्हणाल्या.
"कराडच्या बाजारात इकली. म्हस तवाच आणली."
मग कासंडी दुसऱ्या हातात घेतली.
"म्हस लिवा. दर बरूबर पडला पायजे."

मी लिहिलं. मशीन कुरकुरलं.
खोत केराबाई. म्हैस. सात पूर्णांक दोन.

फरक काढायला इरफानने जुन्या पावत्या मागितल्या.
पदराच्या गाठीतून त्यांनी चळत काढून दिली.
सकाळ-संध्याकाळच्या बेचाळीस हव्या होत्या.
त्याने दोनदा मोजल्या.
एक्केचाळीस.

"एक कुठं पडली, मावशी?"
त्या किटलीत दूध पडताना बघत राहिल्या.
मी त्याला म्हटलं, असू दे,
तिचा आकडा माझ्याकडे आहे.