दोनशे जमिनी

कारापनारच्या बिटाच्या शेतात
आम्ही अठ्ठेचाळीस खिळे ठोकले, पाच-पाच मीटरवर.
माती इतकी कोरडी की वीजही आत जाईना.
सेयफेत्तिन एकेका खिळ्याच्या बुडाशी
मिठाचं पाणी ओतत गेला,
घसा बसलेल्या माणसाला द्यावं तसं.
दुरालीचा कुत्रा केबलवर आडवा पडलेला;
उठवला तर दोन पावलं सरकून
पुन्हा केबलवरच.
आकड्यांत कुठेतरी तोही असणार.

गेल्या ऑक्टोबरात, एका रात्रीत,
शेजारचं सूर्यफुलाचं शेत मधोमध खाली गेलं.
गोल, वाटीने कापल्यासारखं.
इथे त्याला ओब्रुक म्हणतात.
पायाखालची जमीन सरकली, असं आपण उगाच म्हणतो.
ती सरकत नाही.
ती नुसती नसते.

दुरालीचा पंप दिवसरात्र चालू होता.
जमीन सगळं पोटात घालते म्हणे.
घालते ना.

रात्री लोकरीच्या पोत्यांच्या खोलीत लॅपटॉप उघडला,
म्हटलं, दोनशे जमिनी जन्माला घाल.
कशाही. खडक कुठेही, पाणी कुठेही,
पोकळी वाटेल तिथे.
प्रत्येकीत वीज सोड आणि ऐक,
कोणती आमच्या खिळ्यांसारखं बोलते.

ज्या जवळपास बोलल्या त्यांची लग्नं लावली.
हिचं पाणी, तिचा चुनखडक,
लेकरात भेग मात्र कुणाची कोण जाणे.
शिवाय शंभरात तीनदा मुद्दाम चूक:
एक चौकोन बदलायचा, कारण न विचारता.
उरलेल्या पुसल्या.
ना बारसं, ना तेरावं. नुसता क्रमांक.

नव्वदाव्या पिढीपर्यंत सगळ्या इतक्या सारख्या झाल्या
की मी चहा करायला उठले, आणि स्टोव्हपाशीच पेंगले.

तीनशे अकराव्या पिढीत
एका बिनकामाच्या पोरीला नको तिथे पोकळी निघाली:
अकरा मीटर खोल, मेंढवाड्याच्या थेट खाली.
आणि तीच सगळ्यांत चोख बोलली.
पहाटेपर्यंत तिचंच कूळ माजलं.

तरी यादीच्या टोकाला आणखी एक घराणं तगून होतं,
तितकंच बिनचूक.
त्यांच्यात त्याच जागी सलग, ठणठणीत, कोरडा खडक.
विजेला दोन्ही सारखेच अडवतात,
जिथे काहीच नाही ते
आणि जिथे सगळं घट्ट आहे ते.

मेंढ्या शाझियेच्या, दुरालीच्या भावजयीच्या.
बिया सोलत तिने सगळं ऐकून घेतलं.
"म्हणजे यातलं कोणतं?"
"दोन्ही जुळतात."
"माझ्या सासूसारखं," ती म्हणाली.
"वीस वर्षं माझ्याशी बोलली नाही.
दगड होती की आतून पोकळ, शेवटपर्यंत कळलं नाही."
"मग तुम्ही काय केलंत?"
"जरा लांबूनच वावरले."
दुपारपर्यंत त्रेसष्ट मेंढ्या
बंद पडलेल्या शाळेच्या अंगणात हलल्या होत्या.

नोव्हेंबरात तिचा फोन.
मेंढवाडा उभा आहे. शाळेला छप्पर नाही.
परवा बर्फ पडेल म्हणतात. परत नेऊ का?

पुसलेल्या हजारो जमिनींतली एखादी
मला तेव्हा आठवायला हवी होती.
एकही आठवेना.

"दोन दिवस थांबा," म्हटलं,
आणि दोनशे नव्या जन्माला घातल्या.
या खेपेला चुका वाढवल्या.
शंभरात पाच.